कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) रंग जुळला, तर ते गाडीत घालता येते का?
केवळ रंग पाहून कूलंट निवडू नये, कारण रंग हा उत्पादकाने मिसळलेला असतो आणि एकाच हिरव्या रंगाच्या दोन कूलंटमधील गंजरोधक रसायने पूर्णपणे वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले मानक बाटलीवर छापलेले आहे का, ते पाहावे. विसंगत कूलंट एकत्र झाल्यास कधीकधी चिकट गाळ धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. बदलताना इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतला तापलेला द्रव दाबामुळे अंगावर उसळतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) असल्यास ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारणपणे निम्मे-निम्मे मिसळावे. काढलेले जुने कूलंट उघड्यावर ठेवू नये, कारण त्यातील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते आणि ते चाटल्याने कुत्री-मांजरे दगावतात.