ती वही आधी कपाटातून बाहेर काढा

पत्र: माझी मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत दहावीला आहे. गणित-विज्ञान बरं आहे, पण तिला आर्ट्सला जायचंय. आधी मी नाहीच म्हणालो होतो. आता एका अटीवर तयार झालोय, की आयएएस व्हायचं. अकरावीपासून यूपीएससीची तयारी करून घेणारा पुण्यातला एक क्लासही बघून ठेवलाय, फी दीड लाख. पण तिचं लक्ष भलतीकडेच. देवळामागच्या जुन्या दगडांची चित्रं वहीत काढत बसते, म्हाताऱ्या माणसांना काहीबाही विचारत फिरते. आणि शाळेच्या पूर्वपरीक्षेत इतिहास-राज्यशास्त्रातच 40 पैकी 26! बोर्डाची परीक्षा होईपर्यंत ती वही मी कपाटात कुलपात ठेवली आहे. त्यात 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तिने चारचौघांत विचारलं, "सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे मालक का बसतात?" मला मान खाली घालावी लागली. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. तो क्लास लावू का? आणि तिला गंभीर कसं करू? (एक पालक, सातारा जिल्हा)

उत्तर:

नमस्कार. क्लासचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "हल्ली ती घरात फारशी बोलत नाही" या वाक्याची. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. पंधरा वर्षांची, गावभर प्रश्न विचारत फिरणारी मुलगी घरात गप्प होते, तेव्हा तिने मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं. ती वही हे तिचं स्वतःचं काम होतं, शाळेने न सांगता केलेलं. ते कुलपात गेलं आणि त्यामागोमाग तिचं बोलणंही गेलं. तिला गंभीर कसं करू, असं तुम्ही विचारता. ती गंभीरच आहे. तुमच्या घरात सध्या या विषयाकडे तिच्याइतक्या गांभीर्याने कुणीच बघत नाही.

तुम्ही ज्यांना जुने दगड म्हणता, ते बहुधा वीरगळ असणार. तुमच्या भागात देवळांच्या आवारात ते ठिकठिकाणी दिसतात. लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला तो दगड. त्यावर एकावर एक चौकटी असतात. खाली लढाई, तिच्या वर त्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील, तर गावाची गुरं सोडवताना तो मेला असं समजतात. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. गावासाठी जीव दिलेल्या त्या माणसाचं नाव आज कुणालाच माहीत नाही, मागे उरलाय तो एवढा दगड. देवळांचे जीर्णोद्धार होतात तेव्हा या दगडांना ऑइल पेंट फासला जातो, ते ओट्यात चिणले जातात, कधी पायरी म्हणून बसवले जातात. तुमच्या गावात उद्या तसं झालं, तर पूर्वी तिथे काय होतं याची नोंद कदाचित तुमच्या कपाटातल्या त्या वहीतच सापडेल.

पाहायचं, जसंच्या तसं उतरवायचं, मग जुन्या माणसांना विचारून ताडून बघायचं, इतिहासाच्या अभ्यासाची पद्धत हीच आहे. गावोगाव हिंडून जुन्या कागदपत्रांची दप्तरं जमवणाऱ्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' 22 खंडांत प्रसिद्ध केली. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये पुण्यात सुरू झालं तेही त्यांच्याच पुढाकाराने. मुलीचं दहावीचं पुस्तक एकदा स्वतः उघडून बघा. उपयोजित इतिहास, भारतीय कलांचा इतिहास, पर्यटन आणि इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ त्यात आहेत. सनावळ्या पाठ करायचं आपल्या वेळचं पुस्तक ते नव्हे. ती अभ्यास सोडून भलतंच करते असं तुम्हाला वाटतं, पण पुस्तकात जे लिहिलंय तेच ती गावात जाऊन करते आहे.

आता 26 जानेवारीचं. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. आणि खुर्चीत बसतात सरपंचबाईंचे मालक. तुमच्या मुलीने ते पाहिलं आणि प्रजासत्ताक दिनी विचारलं. यात तुम्ही मान खाली घालावी असं काहीही नाही, मान खाली घालायला हवी होती ती खुर्चीत बसलेल्या माणसाने. तिला एवढंच समजावून सांगा की चारचौघांत विचारताना समोरच्या बाईंचा अपमान होणार नाही हेही बघावं, कारण त्या बाईंची अडचण आणखी वेगळी असू शकते. पण प्रश्न बरोबर होता, हे आधी सांगा. तिला तुम्ही जिल्हाधिकारी करायला निघालात. जिल्हाधिकाऱ्याने जो प्रश्न विचारायला हवा तोच तिने विचारला, तर तिला गप्प बसवलंत. हे दोन्ही एकाच मुलीकडून कसं होणार?

इतिहास-राज्यशास्त्र घेतलं तर यूपीएससीच करायची, नाहीतर वर्षं वाया गेली, हा समज मला पत्रांमधून सारखा भेटतो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. नागरी सेवा परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. इंजिनियर, डॉक्टर सगळे बसतात, आर्ट्सची अट नाही. वय किमान 21 लागतं, म्हणजे तुमची मुलगी पहिल्यांदा बसेल ती आणखी पाच-सहा वर्षांनी. दरवर्षी लाखो उमेदवार अर्ज करतात आणि निवड होते साधारण हजारांची. पदवीनंतर तिची स्वतःची इच्छा असेल तर तिने जरूर प्रयत्न करावा. पण पंधराव्या वर्षी ही अट घातली, तर निवड न झालेल्या बाकीच्या लाखोंसारखी ती आपल्या आवडत्या विषयाकडे अपयशाची खूण म्हणून बघायला लागेल. आवडीचा विषय पुढे आयुष्यभर नकोसा झालेली मुलं मी पाहिली आहेत. ते नुकसान दीड लाखांपेक्षा मोठं आहे. तो क्लास लावू नका.

मग पुढे काय? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचं एम.ए. करता येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती लिपी, वाचणाऱ्यांची गरज तर आजही आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या सरकारी संग्रहात, मोडी कागदांचे ढीग आहेत, जमिनीच्या जुन्या कागदांसाठी लोक वाचक शोधत असतात आणि 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कचेऱ्यांमध्ये मोडी जाणकारांची शोधाशोध झाली. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात तुमचा प्रतापगडही आहे. किल्ल्यांवर नीट माहिती सांगणारी, नोंदी ठेवणारी, जतनाचं काम जाणणारी माणसं लागणारच. राज्यशास्त्राची ओढ वाढली तर बारावीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्राध्यापकीसाठी नेट-सेट या पात्रता परीक्षा आहेत.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार कमी असतो, बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. म्हणून तिने एका विषयावर न थांबता जोडीला एखादं पक्कं कौशल्य घ्यावं. मोडी, उत्तम इंग्रजी, कायदा किंवा नकाशांचं संगणकीय काम, यांतलं काहीही चालेल. क्लासला द्यायला निघालेल्या पैशांतले थोडे यासाठी बाजूला ठेवा.

26 गुणांचं फार मनावर घेऊ नका. तिच्या उत्तरपत्रिका मागवून बघा. मला वाटतं, ती दोन गुणांच्या प्रश्नाला पाऊण पान लिहीत असणार. विषय आवडणाऱ्या मुलांचं हे नेहमीचं होतं. दोन तासांचं घड्याळ लावून तीन-चार पेपर सोडवले, संकल्पनाचित्र आणि 'सकारण स्पष्ट करा' यांचा वेळ आखून घेतला, की फरक पडतो. अकरावीला इतिहास आणि राज्यशास्त्रासोबत समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्यावं. पुरातत्त्वाकडे जायचं असेल तर संस्कृत किंवा पाली उपयोगी पडेल. गणित आवडत असेल आणि कॉलेजात सोय असेल, तर आर्ट्सलाही ते घेता येतं.

वही मात्र आजच परत द्या, परीक्षा संपायची वाट बघू नका. परीक्षा झाल्यावर एका सकाळी तिच्याबरोबर देवळामागे जा आणि प्रत्येक दगडावर काय आहे ते तिला सांगू द्या. त्या दिवशी आयएएसचा विषय काढू नका. आणि ती अट मागे घेतली आहे, हे तिला तोंडाने स्पष्ट सांगा, तिच्या आईसमोर.