८ जीबी, २६६६ वेगाच्या रॅमसोबत ३२०० वेगाची रॅम स्टिक चालेल का?

बहुतेक वेळा चालते, फक्त दोन्ही २६६६ वरच धावतील. जोडीत वेग मंद स्टिकचा धरला जातो. त्यामुळे ३२०० साठी मुद्दाम जास्त पैसे मोजू नका, त्याच भावात मिळाली तर खुशाल घ्या.

वेगाआधी पिढी बघा. तुमची डीडीआर४ असेल तर नवीही डीडीआर४ च हवी. डेस्कटॉपच्या डीडीआर५ लाही पिना २८८ च असतात, पण खालची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून ती बसतच नाही. (अंगठ्याने जोर लावून बघू नका, स्लॉट जाईल.) लॅपटॉपची छोटी स्टिक तर वेगळीच.

क्षमता शक्यतो तेवढीच, म्हणजे ८ जीबी घ्या. दोन सारख्या स्टिकांमुळे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटाची ये-जा) नीट चालतं आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा. मॅन्युअलमध्ये खात्री करा. क्लिपचा ‘खट्’ आवाज आला की बसली. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडा, १६ जीबी आणि वेग तिथेच दिसेल.