चर्चमधल्या गाण्यांवरून घरात अबोला धरला जातो तेव्हा

"नवी गाणी नकोत म्हटलं की मुलं चर्चला यायची बंद होतात, जुनी कमी केली की वडीलधारी रुसतात. आम्ही ऐकायचं कुणाचं?" कोकणातल्या मंडळ्यांमधून, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या लोकांकडून, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. पाळकांपेक्षा (चर्चच्या धर्मगुरूंपेक्षा) घरातल्या बायका तो जास्त विचारतात. उपासनेतला वाद दुपारी जेवायला घरी येतो आणि ताटं वाढणारी मध्ये सापडते.

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका छोट्या मंडळीतलं हे कुटुंब. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सून आली होती ती झोप लागत नाही म्हणून. सासरे आयुष्यभर चर्चमध्ये पेटी वाजवत आलेले. सुनेचा मुलगा पुण्याहून शिकून परतला, तरुण संघाने कीबोर्ड आणि ड्रमसेट आणला, गाण्यांचे शब्द पडद्यावर दिसू लागले. एका रविवारी पेटी उघडा असं कुणी म्हटलंच नाही. पुढच्या रविवारपासून आजोबांनी चर्चला जाणं सोडलं आणि नातवाशी बोलणंही.

दोघांना मी आधी वेगवेगळं भेटले. आजोबा म्हणाले, "ह्याला भक्ती म्हणतात काय? नुसता सिनेमाचा ठेका." नातू म्हणाला, "वर्षानुवर्षं तीच गाणी. निम्मे लोक नुसती तोंडाने म्हणतात." समोरच्याच्या गाण्यात देव नाही, असंच दोघांचं म्हणणं. इथवर आलेल्या माणसांना बायबलमधली वचनं दाखवून काही होत नाही, कारण वचनं दोघांच्याही बाजूने आहेत. ९६वं स्तोत्र नवं गीत गायला सांगतं, १५०व्यात डफ आणि झणझणणाऱ्या झांजासुद्धा आहेत. आणि शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, ते वल्हांडण या यहुदी सणाच्या रीतीतलं जुनंच स्तोत्र असावं असं अभ्यासक मानतात.

म्हणून एकत्र बसवताना मी एकच अट घातली: गाणं चांगलं की वाईट हे बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं एक गाणं आणायचं आणि ते कधी उपयोगी पडलं तेवढं सांगायचं.

आजोबांनी आपलं 'उपासना संगीत' हे चर्चच्या गीतांचं पुस्तक आणलं. पाठीला चिकटपट्टी लावलेली, पानं दमट हवेने फुगलेली. अंत्यविधीच्या गीतांशेजारी समासात पेन्सिलने नावं आणि तारखा होत्या, कुणाला निरोप देताना कोणतं गीत म्हटलं त्याच्या. नातू बोट फिरवत वाचत गेला आणि आजीच्या नावापाशी थांबला. परीक्षेमुळे तेव्हा तो वेळेवर पोहोचू शकला नव्हता. "सगळी कडवी म्हटलीत?" त्याने विचारलं. आजोबा म्हणाले, "दोन. तिसऱ्याला माझा हात चालेना."

मग नातवाने फोनवर त्याचं गाणं लावलं. पहिल्या वर्षी नापास झाल्यावर हॉस्टेलमध्ये मित्रांबरोबर रात्री हेच म्हणायचा. आजोबांनी गाणं ऐकलं की नाही कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "नापास झालास, आणि घरी सांगितलं नाहीस?" पुढचा अर्धा तास संगीताचा विषय निघाला नाही, आणि मी तो काढलाही नाही. गाण्यांच्या वादात मला बहुतेक वेळा हेच दिसतं. ज्या गाण्याने आपल्याला तारलं त्याला कुणी हलकं म्हटलं, की माणसाला ते स्वतःलाच म्हटल्यासारखं लागतं.

एवढ्याने रविवारचा प्रश्न सुटत नाही. तिथे हातात काम लागतं. नवी गाणी मंडळी म्हणत नाही, ती पुष्कळदा हट्टापायी नव्हे. रेकॉर्डिंगमधल्या गायकाचा आवाज चढा असतो, तरुण मुलं तीच पट्टी उचलतात आणि सत्तरीच्या बाईचा गळा धृपदालाच तुटतो. वयानुसार बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, मग पत्र्याखाली ड्रम वाजला की शब्दच कळत नाहीत. आजोबांनी पेटीवर दाखवलं: तेच गाणं पांढरी चारवरून पांढरी दोनवर, म्हणजे खालच्या पट्टीत आणलं आणि सुनेनेही सूर लावला. नातवाने फ्रेट मोजून गिटार तिथे आणली.

पाळकसाहेबांशी बोलून पुढे असं ठरलं: नवं गाणं महिन्याला एकच, आणि ते लागोपाठ सगळ्या रविवारी म्हणायचं, म्हणजे तोंडात बसेल. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीच्या वेळी सगळ्यांना पाठ असलेलंच गीत. पडदा राहील, पण पुस्तकातला क्रमांकही मोठ्याने सांगायचा. 'निम्मी जुनी, निम्मी नवी' असा हिशोब मी मुद्दाम टाळायला लावला, त्याने दोन तट पक्के होतात. सकाळी जुन्यांची आणि संध्याकाळी तरुणांची अशी वेगळी उपासना छोट्या मंडळीत तर करूच नये, नातवंडांना आजी-आजोबांचा आवाज मग कधी ऐकूच येत नाही.

आजोबा ज्यांना आपली परंपरा म्हणतात, ते ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच जिल्ह्यातले, १८६१ साली करजगावात जन्मलेले. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची गीतं दिली. त्या काळी नवी होती ती. हे मी नातवासमोर आजोबांना सांगितलं नाही, एकटे असताना सांगितलं. चारचौघांत ते वादातला मुद्दा झालं असतं.

ड्रमसेटवर अजून एकमत नाही. सध्या तो नाताळ आणि तरुणांच्या सभेपुरता आहे, इतर वेळी ढोलकी. नातवाला हे पटलेलं नाही आणि तो तसं आजोबांना तोंडावर सांगतो. आजोबाही एका नव्या गाण्याला हाताची घडी घालून गप्प बसतात, पण बसतात चर्चमध्येच. सुनेला झोप लागू लागली आहे.

तुमच्याकडे कुणी यायचं थांबलं असेल, तर गाण्यांची यादी कमिटीपुढे नेण्याआधी त्यांच्या घरी जा. त्यांचं गाणं कोणतं आणि ते कधी म्हटलं होतं, हे विचारा. वेळ काढून जा, कारण उत्तर लांबतं.