विंडोज 11 घ्यावं की थांबावं?

प्रश्न : माझ्या गेमिंग पीसीत रायझन 5 2600, 16 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1660 आहे. सध्या विंडोज 10 वापरतो. तपासणीचं ॲप ‘हा पीसी पात्र नाही’ म्हणतं. नवा मदरबोर्ड घ्यावा का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : मदरबोर्डवर पैसे घालू नका. तुमचा प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत आहे. बहुधा बायोसमध्ये (मदरबोर्डवरचं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) एफटीपीएम (प्रोसेसरमधलीच सुरक्षा-चिपची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच पीसी सुरू होऊ देणारी सोय) बंद असणार, म्हणून ॲप नाही म्हणतं. विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपलाय, तेव्हा अपग्रेड कराच.

घाई फक्त एका ठिकाणी नको. ‘रन’मध्ये एमएसइन्फो32 (msinfo32) टाकून बायोस मोड बघा. ‘लेगसी’ दिसलं तर डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची आहे. सिक्युअर बूटसाठी सीएसएम (बायोसमधली, जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, पण अशा वेळी ते आधीच बंद केलंत तर विंडोज उघडणारच नाही. (घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की उघडतं.) आधी बॅकअप घ्या. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर2जीपीटी (mbr2gpt, डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजमधलंच टूल) चालवा : पहिल्यांदा व्हॅलिडेट (/validate, नुसती तपासणी), नंतर कन्व्हर्ट (/convert, प्रत्यक्ष बदल), दोन्हींना ‘अलाउ फुल ओएस’ (/allowFullOS) जोडून. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली की व्हॅलिडेटच अडतं. कन्व्हर्ट झाल्यावर सीएसएम बंद, एफटीपीएम आणि सिक्युअर बूट चालू.

बायोस अपडेट करायची वेळ आली तर यूपीएसशिवाय हात लावू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायोस अपडेट अर्धवट राहिलेला बोर्ड बहुतेकदा सुरूच होत नाही.

अपग्रेडनंतर गेम अडखळले तर 10 दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून मागे जाता येतं, तोवर जुन्या विंडोजच्या फाइली असलेलं ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर पुसू नका.