आधी गुडघे टेक, मग नकाशा काढ

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. टुंड्राच्या वनस्पतींचा नकाशा करायला घेतला आहेस, उपग्रहाच्या प्रतिमा उतरवून झाल्यात, आणि आता विचारते आहेस की वर्गीकरणासाठी कुठली पद्धत सगळ्यात चांगली. याचं उत्तर एका ओळीचं आहे: जी तुला नीट समजते ती. रँडम फॉरेस्ट ही संगणकी वर्गीकरणाची पद्धत वापर, हरकत नाही. (एकही झाड नसलेल्या मुलखासाठी ‘फॉरेस्ट’! मला अजून हसू येतं.) पद्धत बदलून नकाशा थोडाफार सुधारेल. संकेतसूची चुकली तर मात्र सगळंच मुसळ केरात. म्हणून सूचीबद्दलच लिहिते.

नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची जी यादी असते, तिच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. आणि व्हायलाच हवीत. संपूर्ण आर्क्टिकचा एकच वनस्पती-नकाशा करायचा, असं 1992 साली अमेरिकेतल्या बोल्डरमधल्या बैठकीत ठरलं आणि नकाशा छापून आला 2003 मध्ये. मधली अकरा वर्षं काही संगणक हळू होता म्हणून गेली नाहीत. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वे, रशिया, प्रत्येक ठिकाणी टुंड्राकडे बघायची रीत वेगळी, नावं वेगळी, जुने नकाशे वेगळे. अलास्का विद्यापीठाचे डोनाल्ड वॉकर आणि त्यांचे सहकारी या सगळ्यांना शेवटी पंधरा प्रकारांवर घेऊन आले. त्यांचे गट पाचच: जवळपास उघडी जमीन, गवतं आणि लव्हाळे, जमिनीला चिकटून पसरणारी झुडपं, उभी झुडपं, आणि पाणथळ. नकाशाचं प्रमाण एकास 75 लाख. म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरमध्ये साडेसात किलोमीटर मुलूख. हा आकडा डोक्यात ठेव, पुढे कामाला येईल.

त्याच नकाशात थंडीनुसार पाच पट्टे आहेत. सगळ्यात उत्तरेच्या पट्ट्यात जुलैचं सरासरी तापमान शून्य ते तीन अंश, सगळ्यात दक्षिणेच्या पट्ट्यात नऊ ते बारा. फरक दहा अंशांच्या आसपास, पण तेवढ्यात दुनिया बदलते. उत्तरेच्या टोकाला लाकडी खोडाची वनस्पतीच नाही, आणि दक्षिणेकडे ओढ्याकाठी वाळुंजाची झुडपं माणसाच्या डोक्याएवढी होतात. तू कुठल्या पट्ट्यात काम करणार हे आधी ठरव. ‘झुडूप’ हा एकच शब्द दोन पट्ट्यांत एकाच अर्थाने वापरलास तर नकाशा खोटा बोलायला लागेल. एका ठिकाणी ते झुडूप तुझ्या कमरेला लागतं, दुसरीकडे त्याच्यावर पाय पडला तरी कळत नाही.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या हंगामात एका डोंगरउताराला मी घरात बसून ‘उघडी जमीन’ असा रंग दिला होता. प्रतिमेत करडा-काळा पट्टा, हिरवेपणाचा निर्देशांक अगदी कमी, शंका घ्यायला जागाच नव्हती. नंतर तिथे चालत गेले. दोन दिवस पाऊस नव्हता आणि बुटाखाली काहीतरी चुरचुरत होतं. वाकून बघितलं, कळलं नाही. गुडघे टेकले, भिंग लावलं, तर सगळा उतार दगडफुलाच्या काळ्या-तपकिरी पापुद्र्याने मढलेला. मधे मधे शेवाळाचे नखाएवढे पुंजके आणि त्यांच्या आडोशाने तग धरलेली एखादी जांभळी सॅक्सिफ्रेज. एक मीटरची चौकट टाकली, तर रिकामी माती तळहाताएवढीही निघाली नाही. उपग्रहाची काही चूक नव्हती. पानं लाल प्रकाश शोषतात आणि निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) परत फेकतात, त्या दोहोंतल्या फरकावर तो निर्देशांक निघतो. काळ्या दगडफुलाला पान नाही, ते त्या हिशेबात कुठून येणार? चूक माझी. ‘हिरवं दिसत नाही’ याचं भाषांतर मी ‘काही उगवत नाही’ असं केलं होतं.

उलटी चूकही होते. ओलं शेवाळ हिरवंगार दिसतं आणि दोन-चार कोरड्या दिवसांत फिकट पडतं. वनस्पती तीच, तितकीच, पण प्रतिमा वेगळी. साचलेलं पाणी निकट अवरक्त गिळून टाकतं, त्यामुळे डबक्यातले दाट लव्हाळेसुद्धा विरळ वाटतात. आणि गोठलेल्या जमिनीच्या भेगांत बर्फाच्या पाचरी वाढून जिथे बहुभुज आकार तयार होतात, तिथे तर कमालच. मधे पाणी, कडेला कोरडा बांध, बांधावर वनस्पतींचा एक समूह, पाण्यात दुसरा, आणि हे सगळं वीसेक मीटरच्या आत. 2003 च्या नकाशासाठी वापरलेल्या प्रतिमेचा एक पिक्सेल एक किलोमीटरचा होता. तुझा सेंटिनेल उपग्रहाचा पिक्सेल दहा मीटरचा आहे, पण त्यातही बांध आणि डबकं एकत्र पडणारच. अशा जागी ‘मिश्र’ असा प्रकार करायला लाजू नकोस. फक्त कशाचं मिश्रण आणि साधारण किती, ते लिही.

एक जागा मात्र तू बघावीसच असं मला फार वाटतं. अलास्कात ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला, टेकड्या संपून सपाटी सुरू होते तिथे. दक्षिणेकडून येताना कापूसगवताचे थोंब, त्यांच्या मधे जाडजूड स्फॅग्नम शेवाळ, खुजा भूर्ज. चालताना घोटा मुरगळतो, शिव्या आठवतात. आणि मग थोड्याच अंतरात थोंब विरळ होतात, स्फॅग्नम नाहीसं होतं, पांढऱ्या फुलांची ड्रायस दिसायला लागते, मधे मधे चिखलाची गोल उघडी टक्कलं. हवा तीच, ऊन तेच. बदलला तो मातीचा सामू (पीएच). दक्षिणेला माती आम्ल, साडेपाचच्या खाली. उत्तरेला नद्यांच्या पात्रांतून वाऱ्याने उडत येणारी चुनायुक्त धूळ तिला आम्ल होऊ देत नाही. सळई खुपसून बघ: जाड शेवाळाच्या पांघरुणाखाली ती लवकर गोठलेल्या थराला अडते, उघड्या टक्कलावर बरीच खोल जाते. उन्हाळ्यात जमीन किती वितळते, हे वरची वनस्पती ठरवते ती अशी. प्रतिमेत या दोन्ही जागा हिरव्याच, एक जरा कमी. सामू मोजला नसता तर ‘थोडं विरळ गवत’ म्हणून आपण पुढे गेलो असतो.

बाकी किरकोळ सूचना. प्रतिमा जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीची घे. जूनमध्ये बर्फ कधी गेला त्यावर सगळा रंग अवलंबून असतो. शाईपेक्षा पेन्सिल बरी. शेवाळाचे नमुने कागदी पाकिटात ठेव, ‘शेवाळ, इतर’ असं लिहून सुटका करून घेऊ नकोस, ही सवय मला चीड आणते. नकाशा दक्षिण ध्रुवाकडे नेणार असशील तर ही सूची इथेच सोडून जा. अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती दोनच आहेत, बाकी सारा खेळ शेवाळ आणि दगडफुलाचा.

‘आर्क्टिक हिरवं होतंय’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीन वेळा आलंय. उपग्रहांच्या 1980 च्या दशकापासूनच्या नोंदी बऱ्याच भागांत तसं दाखवतात, खरं आहे. पण मला जास्त पटले ते फोटो. अलास्काच्या उत्तर भागात 1940 च्या दशकात तेलाच्या शोधासाठी विमानातून तिरके फोटो काढले होते. पन्नासेक वर्षांनी त्याच जागांचे पुन्हा काढले, तर ओढ्यांकाठी आणि उतारांवर झुडपं उघड वाढलेली. तिथे काय वाढलं ते डोळ्यांना दिसतं. निर्देशांक वाढला तर झुडूप वाढलं, की लव्हाळे दाट झाले, की डबकं आटलं, हे तुला जाऊनच बघावं लागेल. काही ठिकाणी तो घटतोही. हिवाळ्यात मधेच पाऊस पडून बर्फाचं कवच झालं की खालची झुडपं मरतात, आणि रेनडिअरना त्या कवचाखालचा चारा मिळत नाही. रशियातल्या यामाल द्वीपकल्पावरच्या, रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स जमातीच्या कळपवाल्यांना हे नीट ठाऊक असतं. अशी माणसं भेटली तर तुझी सूची त्यांच्यापुढे ठेव आणि कुठल्या दोन रंगांत त्यांना फरक वाटत नाही, किंवा कुठल्या एका रंगात त्यांना चार जागा दिसतात, ते विचार.

आता लगेच नकाशा पाठवू नकोस. पहिल्या पंचवीस चौकटींच्या नोंदी पाठव: फोटो, वितळलेल्या थराची खोली, सामू आणि शेवाळांची नावं. सूचीचं भांडण त्यावरून करू.

तुझी,
ताई