खिडकीवर तूच उभी राहा

तू लिहिलंयस की राहायला घणसोलीला, ठाण्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश झालाय, बारावीपर्यंत मराठी माध्यम, बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी आणि घरात कॉलेजची पायरी चढणारी तू पहिलीच. कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात काय तयारी करू, असा तुझा प्रश्न. बॅग, मोबाइल, कपडे यांबद्दल सांगणारे खूप भेटतील. मी एका कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला २२ वर्षं बसले. तिथून जे दिसलं ते सांगते.

शाळेत वर्गाच्या बाई निरोप धाडायच्या, वहीत लिहून द्यायच्या, वेळ पडली तर घरी फोन करायच्या. कॉलेजात नोटीस लागते, आणि ती लागली की सगळ्यांना कळली असं धरलं जातं. परीक्षेचा फॉर्म असो, विषय निवडायची तारीख असो, शिष्यवृत्ती असो, तुला शोधत कुणी येणार नाही. माझ्या खिडकीवर कितीतरी वडील अर्धा दिवस मोडून यायचे. फाइल त्यांच्या हातात, प्रश्न तेच विचारायचे, आणि मुलगी मागे भिंतीला टेकून उभी. उत्तर वडिलांना कळायचं, मुलीला नाही. मग पुढच्या कामाला परत वडिलांची सुट्टी. माथाडीचा एक खाडा म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. म्हणून बाबांना आजच सांग की हवं तर पहिल्या दिवशी सोबत या, पण बोलणार मी. काय विचारायचं ते घरून कागदावर लिहून ने, आणि मिळालेलं उत्तर त्याच कागदावर तारीख घालून उतरव. खिडकीतून कुणी तुटक बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस, आणि समजलं नसेल तर हलूही नकोस. "मॅडम, मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगता का?" हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय घरीच कर. खरंच कर, तीन आठवडे त्याला पुरेसे आहेत.

आता कागद. दहावी आणि बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक, असे पाच कागद जमिनीवर ओळीने मांड. तुझं नाव, बाबांचं नाव, जन्मतारीख, ज्या कागदावर जे असेल ते अक्षर अक्षर लावून वाच, इंग्रजी स्पेलिंगसकट. आमच्याकडे एका मुलीच्या आधारवर वडिलांचं विठ्ठल हे नाव एका 'टी'ने होतं आणि मार्कशीटवर दोन 'टी'. तेवढ्यावर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला आणि परीक्षा तोंडावर असताना ती आधार केंद्राच्या रांगेत उभी होती. तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. फरक सापडलाच तर मार्कशीट प्रमाण धर आणि आधार दुरुस्त करून घे. उलटं करायला जाऊ नकोस. बोर्डाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीत, तुझ्या जवळच आहे हे खरं, पण मार्कशीटमधला बदल वेळ खातो.

नाव जुळलं की डिजिलॉकर या सरकारी ॲपवरून अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी म्हणून तुझा ओळख क्रमांक, काढून ठेव. तो १२ अंकी असतो आणि तुझे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, त्यावर जमा होतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तुम्हाला लागू असलेली शिष्यवृत्ती भरायची असेल तर पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे तुझं कोणतं खातं आधारला जोडलंय ते बँकेत जाऊन विचार. बऱ्याच मुलींचं शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं जोडलेलं असतं आणि ते बंद पडलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून लागतो, घणसोली ठाणे तालुक्यात येते. (हे वाचणारं कुणी खारघर-कामोठ्याचं असेल तर तुमचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. ठाण्याला फुकटचा हेलपाटा मारू नका.) बाबांची मजुरी माथाडी बोर्डातून मिळत असेल तर तिथून वेतनाचं पत्र घ्या, आणि कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी काही मदत मिळते का, तेही त्याच वेळी विचारा.

तुझी खरी भीती मात्र तू शेवटच्या ओळीत लिहिलीस, की सगळं इंग्रजीत शिकवतील आणि मला काहीच कळणार नाही. याच्यावर मी जरा सविस्तर बोलते, कारण सप्टेंबर उजाडेपर्यंत हुशार मुली वर्गात यायच्या बंद झालेल्या मी पाहिल्यात, आणि दर वेळी कारण हेच निघालं.

अगं, तुला अकाउंट्स येतं. नावं तेवढी बदलली आहेत. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. ऋणको ते डेटर, धनको ते क्रेडिटर. नावे-जमा तर तू दोन वर्षं केलंस. शंभर पानी वही घे आणि पानाच्या मधोमध रेघ मार. बारावीचं पुस्तक पुढ्यात ठेवून डावीकडे मराठी शब्द लिही, उजवीकडे इंग्रजी, आणि खाली तो शब्द वापरून एक साधं उदाहरण. रोज दहा शब्द केलेस तरी कॉलेज उघडेपर्यंत दोनशे होतील. पहिल्या महिन्यात सर बोलतील त्यातलं अर्धं निसटेल. निसटू दे. निसटलेला शब्द कानाला लागला तसा देवनागरीत टिपून ठेव आणि तास संपला की सरांना गाठून विचार. मराठीत विचारलंस म्हणून कुणी तुला कमी लेखणार नाही, ठाण्यातले बहुतेक सर घरी मराठीच बोलतात. परीक्षेत उत्तरं मराठीत लिहायची मुभा कोणकोणत्या विषयांना आहे तेही पहिल्याच आठवड्यात विचारून घे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्येच विद्यापीठांना कळवलंय की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलांना स्थानिक भाषेत लिहू द्यावं. मात्र मराठीत लिहायचं ठरवलंस तरी वही भरायची थांबवू नकोस. उद्या नोकरीच्या ठिकाणी 'तेरीज जुळत नाही' म्हणून कुणी सांगणार नाही.

प्रवेशाच्या कागदावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द दिसतील, त्यांना घाबरू नकोस. मेजर म्हणजे तुझा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय. ओपन इलेक्टिव्ह तुझ्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट, आणि सहा सत्रांत मिळून १२० ते १३२ क्रेडिट झाले की तीन वर्षांची पदवी. चौथं वर्ष ऑनर्सचं, त्याचा विचार आत्ता नको. मैत्रिणीने घेतला म्हणून तोच विषय घेऊ नकोस. त्या विषयाचा तास किती वाजता आहे आणि त्यानंतर तुला गाडी कोणती मिळते, ते आधी बघ.

गाडीवरून सांगते. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे, एवढाच प्रवास. पण ही ट्रान्स हार्बर मार्गावरची गाडी ठाण्यात पूर्वेला, कोपरीच्या बाजूला, नऊ-दहा नंबरला लागते. कॉलेज पश्चिमेला असेल तर पूल चढून एक नंबरच्या बाजूला उतरावं लागतं, आणि सकाळच्या गर्दीत तो पूलच जास्त वेळ घेतो. पास आधी काढू नकोस. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घे, त्यावर पास सवलतीत मिळतो, घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतचा. पावसाळा आहे, कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्येच ने. मूळ मार्कशीट एकदा भिजली की तिची दुसरी प्रत काढायचा व्याप मोठा असतो.

कॉलेज सकाळचं आहे तर दुपारी नोकरी करू का, असंही तू विचारलंस. माझं स्पष्ट मत, पहिलं सत्र नको. ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि नोकरी लागली की सर्वांत आधी शेवटचे दोन तास बुडायला लागतात. घरची अडचण असेल तर दिवाळीनंतर बघ. तोवर दुपार वाचनालयात काढ. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, वर्गणी भरून सभासद हो. कॉलेजच्या ग्रंथालयाचं कार्ड तर पहिल्याच आठवड्यात कर. पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नकोस, पहिले पंधरा दिवस जाऊ देत, मग सर कुठल्या पुस्तकातून शिकवतात ते कळेल.

रॅगिंगबद्दल आईला काळजी आहे म्हणालीस. आईच्या आणि तुझ्या, दोघींच्या मोबाइलमध्ये १८००-१८०-५५२२ हा नंबर टाकून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन आहे, रात्रीही लागते.

पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी एक काम कर. कॉलेजच्या वेळेला पोचायचं असं धरून पहाटे ऊठ, गाडी पकड, पूल ओलांड आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जा. घरातून निघाल्यापासून किती मिनिटं लागली ते लिहून ठेव. एकटीच जा. परत आलीस की मला किती वाजता पोचलीस ते कळव, आणि वहीत त्या दिवसापर्यंत किती शब्द झाले तेही.