होम्स रडेल का? फॅनफिकवाल्यांचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न फॅनफिकचे घेतलेत, म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेल्या पात्रांवर आपण हौसेने लिहितो त्या गोष्टी. पत्रं बघितली तर जो तो शेरलॉक होम्सच्या मागे लागलाय, त्यामुळे आजचा मुक्काम होम्सच्या बेकर स्ट्रीटलाच.

प्रश्न: ताई, मी होम्स-वॉटसनवर मराठीत फिक लिहिते. नव्या गोष्टीत वॉटसनला न्यूमोनिया होतो, होम्स रात्रभर उशाशी बसून रडतो आणि त्याचा हात धरून म्हणतो, 'तुझ्याशिवाय मी कोणीच नाही.' लिहिताना मला स्वतःला रडू आलं. पण वाचणाऱ्यांनी 'ओओसी, ओओसी' करून डोकं खाल्लं, हा होम्स होम्ससारखा वागतच नाही म्हणे. माणूसच आहे ना तो? त्याला भावना नसतात का?
— कोथरूडची वॉटसन

उत्तर: असतात गं, भरपूर असतात, आणि मूळ गोष्टींत त्या दिसतातही. पण कशा दिसतात ते एकदा नीट बघ, कारण तुझं सगळं उत्तर तिथेच आहे. 'थ्री गॅरिडेब्स' नावाची गोष्ट काढ, १९२४ सालची. गुन्हेगार गोळी झाडतो, ती वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. होम्स पिस्तुलाचा दस्ता त्या माणसाच्या डोक्यात घालतो, वॉटसनला धरून खुर्चीवर बसवतो आणि विचारतो, लागलं नाही ना वॉटसन, देवाशपथ सांग लागलं नाही ना! मग खिशातल्या चाकूने त्याची पँट फाडून जखम बघतो, वरवरची आहे म्हणून सुटकेचा श्वास सोडतो, आणि वळून त्या गुन्हेगाराला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर गेला नसतास. बस, एवढंच! मोजून काही ओळी आणि लगेच पुढची चौकशी सुरू. वॉटसन मात्र लिहून ठेवतो की त्या थंड मुखवट्यामागे केवढी निष्ठा आणि प्रेम आहे हे कळण्यासाठी अशा कितीही जखमा चालल्या असत्या.

आता हे कधी येतं बघ. पहिली कादंबरी १८८७ ची. म्हणजे वाचकांनी सदतीस वर्षं वाट बघितली तेव्हा कुठे हा माणूस एकदा फुटला, तोही अर्धा मिनिट. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांमध्ये असं इतक्या उघडपणे पुन्हा होत नाही, म्हणून तर फॅन लोक त्या प्रसंगावर जीव टाकतात. तू पहिल्याच पानावर धरण फोडलंस तर तिसऱ्या पानावर काय करणार?

बाकी वेळेला त्याची माया कुठून बाहेर येते तेही बघ. 'एम्प्टी हाउस'मध्ये वॉटसनची बायको वारलेली असते, तर होम्स सांत्वनाचं भाषण देत नाही, दुःखावर काम हाच उतारा असं म्हणतो आणि त्याच रात्रीच्या मोहिमेवर त्याला घेऊन जातो. 'डाइंग डिटेक्टिव्ह'मध्ये तर वॉटसनला जवळ येऊ द्यायचं नसतं, कारण हा डॉक्टर जवळ आला तर आपलं आजारपणाचं नाटक ओळखेल हे त्याला माहीत असतं, म्हणून तू साधारण कुवतीचा डॉक्टर आहेस असं तोंडावर म्हणून त्याचं मन दुखावतो. म्हणजे अपमान करतानाही मनातून त्याच्या डॉक्टरकीला पूर्ण मार्क देतोय! हे असलं काहीतरी हवं.

तर तुझा न्यूमोनिया. होम्स डॉक्टरला फैलावर घेईल, नाडीचे ठोके कागदावर मांडेल, घरमालकीण मिसेस हडसनवर खेकसेल. आणि होम्स तंबाखू कुठे ठेवतो, माहितीये ना, पर्शियन सपातेच्या टोकात. वॉटसनचा ताप सकाळी उतरतो, त्याची नजर त्या सपातेवर जाते आणि तंबाखू काल होती तेवढीच आहे. रात्रभर या माणसाने पाइप पेटवला नाही, कारण खोलीत छातीचा पेशंट होता. वॉटसनने त्यावर एक शब्द बोलायचा नाही. होम्सने तर 'तुझं घोरणं असह्य आहे' असंच म्हणायचं. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं, वर स्वतः शोधून काढल्याचा आनंद मिळतो तो वेगळाच.

अजून एक, तुझी गोष्ट वॉटसनच सांगतोय आणि तो तर तापात बेशुद्ध आहे, मग होम्सला रडताना बघितलं कोणी?

प्रश्न: होम्स आणि वॉटसन मराठीत एकमेकांना 'तू' म्हणतील की 'तुम्ही'? आमच्या ग्रुपमध्ये यावरून महायुद्ध झालंय.
— कुर्ल्याचा लेस्ट्रेड

उत्तर: इंग्रजीत ही पंचाईतच नाही त्यामुळे मूळ पुस्तक आधाराला येणार नाही, तुलाच ठरवायचंय. पण एवढं लक्षात घे की इतकी वर्षं एकत्र राहून हे दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, 'जॉन' आणि 'शेरलॉक' हे टीव्हीवाल्यांचं. माझं मत विचारशील तर सुरुवातीच्या दिवसांत 'तुम्ही', एकत्र राहायला लागल्यावर 'तू', आणि आडनाव मात्र शेवटपर्यंत सोडायचं नाही. 'अरे वॉटसन, ऐक ना यार' लिहिलंस की मेलाच तो होम्स. उलट भांडणाच्या प्रसंगात एकाने अचानक 'तुम्ही' वर जायचं, बघ कसं झोंबतं ते. इन्स्पेक्टरशी बोलताना होम्स 'तुम्ही' म्हणेल पण असं म्हणेल की समोरच्याला 'तू' बरं वाटेल.

प्रश्न: मी काही होम्सएवढा हुशार नाही, मग त्याची ती 'तुम्ही अमुक ठिकाणाहून आलात' वाली कमाल कशी लिहू?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर: उलटं लिहायचं, उत्तर आधी ठरवायचं आणि खुणा नंतर पेरायच्या. 'रेड-हेडेड लीग'मधला जेबेझ विल्सन घे, १८९१ ची गोष्ट. होम्स सांगतो की हा माणूस चीनला जाऊन आलाय आणि हल्ली पुष्कळ लिखाण करतोय. का, तर उजव्या बाहीचा पाच इंचांचा पट्टा घासून चकाकतोय, डाव्या कोपराला टेबलावर टेकून टेकून गुळगुळीत झालंय, मनगटाजवळ गुलाबी खवल्यांचा मासा गोंदलाय आणि घड्याळाच्या साखळीला चिनी नाणं लटकतंय. होम्सचा लेखक डॉइल, त्याला आधी माहीत होतं विल्सन कोण आहे, मग त्याने बाही घासली.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती बहुतेक लोक लिहायला विसरतात. हे सगळं उलगडून सांगितल्यावर विल्सन हसतो आणि म्हणतो, मला वाटलं तुम्ही काहीतरी हुशारी केलीत, पण यात तर काहीच नाही! आणि होम्स चिडतो, वॉटसनला म्हणतो की समजावून सांगतो हीच माझी चूक होते. ही जी त्याची लहान पोरासारखी रुसण्याची सवय आहे ना, टाळ्यांची भूक, तिच्यामुळे तो माणूस वाटतो. नुसत्या हुशारीने तो गूगल वाटेल. तेव्हा खुणा दोनच टाक पण त्यावर समोरच्याची रिअॅक्शन टाक आणि त्या रिअॅक्शनवर होम्सचं नाक मुरडणं टाक.

प्रश्न: माझी ओसी, म्हणजे माझं स्वतःचं पात्र, सगुणा. गिरगावातली, १८९२ मध्ये डॉक्टरकी शिकायला लंडनला येते आणि होम्सच्याच घरात, २२१बी मध्ये, भाड्याने राहते. ती होम्सच्या आधी गुन्हेगार ओळखते, व्हायोलिन त्याच्यापेक्षा छान वाजवते, होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी, त्याला पकडून देते आणि होम्स तिच्या प्रेमात पडतो. एकीने कमेंटमध्ये फक्त 'मेरी सू' लिहिलं आणि गेली. मला वाईट वाटलं. सगुणा टाकून देऊ का?
— हडसनबाई, न्यू जर्सी

उत्तर: टाकू नकोस! कल्पना फार छान आहे, घोळ दुसरीकडे आहे. आधी ते 'मेरी सू' काय ते सांगते. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी स्टार ट्रेक या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या एका फॅन-मासिकात छोटंसं विडंबन लिहिलं. त्यात लेफ्टनंट मेरी सू, वय वर्षं साडेपंधरा, अख्ख्या ताफ्यात सगळ्यात लहान. कॅप्टन लगेच तिच्या प्रेमात, मग ती सगळ्यांना वाचवते, मग मरते, आणि तिचा वाढदिवस जहाजावर राष्ट्रीय सुट्टी होतो. तेव्हाच्या फॅन-मासिकांत असल्या गोष्टींचा पाऊस पडत होता म्हणून त्यांनी टोपी उडवली. नंतर मात्र हे नाव कुठल्याही हुशार बाईपात्रावर फेकायची सवय लागली. गंमत म्हणजे त्या मालिकेतला कॅप्टन कर्क स्वतः तसाच आहे, सगळं येतं, सगळ्या प्रेमात पडतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. तेव्हा त्या कमेंटचा निम्मा भाग सोडून दे.

उरलेला निम्मा घ्यावा लागेल. सगुणाला स्वतःचं असं काय हवंय? मला तुझ्या पत्रात ते कुठेच दिसलं नाही. 'स्कँडल इन बोहेमिया'मधली आयरीन अॅडलर बघ, तीही होम्सला हरवते, वर पुरुषाचा वेश करून त्याच्या दारावरून जाताना त्यालाच गुड नाइट म्हणून जाते, आणि तिला मेरी सू म्हणायची कोणाची बिशाद नाही. कारण ती होम्सला इम्प्रेस करायला आलेलीच नाही. तिला बोहेमियाच्या राजासोबतचा तिचा फोटो स्वतःच्या बचावासाठी जवळ ठेवायचाय, तिने लग्न केलंय, तिला लंडन सोडायचंय, होम्स मधे कडमडला म्हणून हरला. ती निघून जाते आणि तो राजाची पाचूची अंगठी नाकारून फीमध्ये तिचा फोटो मागतो.

आता सगुणाकडे इतकं काही मागण्यासारखं आहे की बास. रखमाबाई आठव. लहानपणी लागलेलं लग्न मानायला नकार, नवऱ्याने मुंबई हायकोर्टात लावलेला दावा, १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटल्यावर 'तुरुंगात जाते' म्हणाल्या. १८८९ ला लंडनला गेल्या, तिथल्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, १८९४ ला डॉक्टर झाल्या. म्हणजे ऐन होम्सच्या काळात एक मराठी बाई लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होती, आणि त्यांच्या खटल्याची चर्चा तिथल्या पेपरांत झालेली, जे पेपर होम्स रोज चाळतो! तू रखमाबाईंनाच पात्र करू नकोस, पण सगुणाला त्यांच्या काही वर्षं मागची विद्यार्थिनी कर. फीचे पैसे कुठून येतात, घरी पत्र काय लिहायचं, लंडनच्या थंडीत नऊवारी नेसायची की नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री शवविच्छेदनाच्या टेबलावर चुकीचं प्रेत आलं तर ते कोणाला सांगायचं आणि सांगितलं तर कॉलेज टिकेल का. बघ, गुन्हा पण आला आणि बेकर स्ट्रीटला जायचं कारण पण आलं, प्रेमात पाडायची गरजच नाही. वॉटसनशी बोलायला विषय आयताच आहे, तो अफगाण युद्धावर जाताना मुंबईलाच उतरला होता, हे पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे. तो सगुणाला मुंबईबद्दल काहीतरी आत्मविश्वासाने चुकीचं सांगेल आणि ती भाडं थकलेलं असल्यामुळे गप्प बसेल, असा सीन मला वाचायला आवडेल.

व्हायोलिन मात्र काढ. होम्सच्या घरात होम्सपेक्षा बरं व्हायोलिन ऐकून घ्यायला कोणी तयार होणार नाही.

आणि बाई गं, १८९२! मोरियार्टी १८९१ च्या मे महिन्यात रायशेनबाखच्या धबधब्यात पडून मेला आणि होम्स तेव्हापासून १८९४ च्या वसंतापर्यंत लंडनमध्येच नाही, सगळे त्याला मेलेला समजतायत. एकतर गोष्ट १८९० ला ने नाहीतर १८९४ च्या उन्हाळ्यात. किंवा १८९२ च ठेव आणि होम्स नसताना फक्त वॉटसन आणि सगुणा घे, मला विचारशील तर तीच सगळ्यात भारी गोष्ट होईल. फक्त मग तिची खोली दुसरीकडे बघावी लागेल.

प्रश्न: पुस्तकातला होम्स, टीव्हीवरचा जेरेमी ब्रेटचा आणि कंबरबॅचचा, तिन्ही मिसळले तर चालतं का?
— नाव नको

उत्तर: चालतं, फक्त टॅगमध्ये सांग कुठला आहे, म्हणजे लोक त्या तयारीने येतात. पण नकळत मिसळू नकोस. स्वतःला सोशिओपॅथ म्हणवणारा होम्स कंबरबॅचच्या २०१० च्या मालिकेतला आहे, पुस्तकातला बायकांशी बोलताना चांगला अदबीने वागतो. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे आख्खं वाक्य डॉइलच्या एकाही गोष्टीत सापडत नाही. शंका आली तर पुस्तक उघडून त्याच्या संवादांचं एक पान मोठ्याने वाच आणि लगेच आपलं पान वाच, कुठे खटकतं ते कानाला कळतं.

प्रश्न: माझ्या होम्सकथा विकल्या तर चालतील का? आणि फास्टर फेणेच्या?
— बाळबोध, नाशिक

उत्तर: होम्सच्या खुशाल विक. डॉइल १९३० ला वारले, आपल्याकडचे हक्क कधीच संपले आणि अमेरिकेतल्या शेवटच्या कथाही १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. कंबरबॅचच्या मालिकेतलं काही उचललं असेल तर ते मात्र काढ, ती अजून त्यांचीच आहे.

फेणेचं तसं नाही. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले आणि आपल्या कायद्यात लेखकानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. पैशाचा विषय असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी लेखी विचार. नुसतं हौसेने लिहून मित्रांना वाचायला देणार असशील तर सहसा कोणी अंगावर येत नाही, पण कायद्याने तोही हक्क तुझा नाही, आणि मुखपृष्ठावर भागवतांचं नाव किंवा मूळ चित्रं तर अजिबात टाकू नकोस. आणि ते 'ट्टॉक' दर पानावर नको रे, गोष्टीत एकदा पुरे.